बाबा, तुमचं ऑइल मी काढून टाकलं

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी एक कबुली. रविवारी सकाळी "हवा भरून आणते" म्हणून मी आपली नवी हायब्रिड गाडी घेऊन गेले, ती हवा भरायला नव्हे. गाडीतलं सगळं इंजिन ऑइल काढून नवं भरून आणलं, फिल्टरही बदलला. तुम्ही स्वतःच्या हातानं ओतलेलं ऑइल त्यात होतं, हे मला माहीत होतं. तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात मी किल्ली उचलली.

विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर "बरं, तुला योग्य वाटतं तसं कर" एवढंच म्हणाला असतात आणि दिवसभर गप्प बसला असतात. तुमचं ते गप्प बसणं मला लहानपणापासून सोसत नाही. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "चारही टायर बघितलेस ना?" आणि मी हो म्हणाले. ते "हो" तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

आईवर रागावू नका. तिनं आपणहून काही सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून बोलली. शनिवारी मी वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं आणि हात आपोआप ऑइलच्या पट्टीकडे गेला. ही सवय तुम्हीच लावलीत. पट्टी पुसली, परत घातली, बाहेर काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास. मग ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं. त्याच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, साबणाच्या फेसासारखा थर जमला होता. बोटानं पुसला तर चिकट. नंतर कपाटात खालच्या कप्प्यात तुमचं नरसाळं दिसलं, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं, आणि शेजारी २०डब्ल्यू-५० या घट्ट ऑइलचा अर्धा झालेला कॅन. तेव्हा सगळं लक्षात आलं.

इंजिनाचं काहीही बिघडलेलं नाही, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही रात्रभर जागे राहाल. अर्धा-पाऊण लिटर घट्ट ऑइल मिसळल्यानं इंजिन जात नाही. तो पिवळा थरही तुमच्या ऑइलचा नाही, त्याबद्दल पुढे सांगते. तुम्ही चुकलात असं मला म्हणायचंच नाही. जुन्या गाडीसाठी तुमचं म्हणणं अगदी बरोबर होतं. दोन लाख किलोमीटर पळालेलं इंजिन, आतले भाग झिजून फटी वाढलेल्या. तिथं घट्ट ऑइलच टिकतं. त्या पावसातल्या रात्री आई दादाला मांडीवर घेऊन मागे बसली होती आणि तुम्ही एकदाही न थांबता गाडी दवाखान्यापर्यंत नेलीत, ती त्या ऑइलच्या आणि तुमच्या जिवावर. हे मी विसरलेली नाही.

मला तर ते ऑइल बदलणंही जसंच्या तसं आठवतं. तुम्ही गाडीखाली, मी बाहेर उकिडवी बसून टॉर्च धरलेली. "उजेड हातावर नको, नटावर धर." चेंबरचा नट सुटला की काळी धार परातीत पडायची. नवीन ऑइलचा थेंब तुम्ही माझ्या अंगठ्यावर ठेवायचात, तर्जनीनं चोळायला लावायचात आणि म्हणायचात, "बघ, कसं धरतंय. याला म्हणतात ऑइल." म्हणूनच नव्या गाडीचं ऑइल बोटावर घेतल्यावर तुम्हाला ते पाण्यासारखं वाटलं असणार आणि काळजी वाटून तुम्ही त्यात घट्ट ऑइल ओतलंत. गाडीत आई बसते, तिचं काही अडू नये, एवढ्यासाठीच. मला कळतं ते.

पण बाबा, ही परीक्षा या गाडीला लागू होत नाही. आपलं बोट तीस-पस्तीस अंशांचं, आणि ऑइलचं खरं काम शंभर अंशांच्या आसपास. डब्ल्यूनंतरचा आकडा म्हणजे तापल्यावरचा ग्रेड, आपल्या गाडीचा २०, तुमच्या कॅनचा ५०. त्या तापमानाला २० ग्रेडच्या ऑइलचा घट्टपणा ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक (हे घट्टपणाचं माप) असावा लागतो आणि ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. म्हणजे पूर्ण तापल्यावरसुद्धा तुमचं ऑइल जवळजवळ दुप्पट घट्ट. इंजिन कोमट असताना तर फरक त्याहून मोठा, तिपटीच्याही पुढे. आणि आपली गाडी बहुतेक वेळ कोमटच असते!

हीच गोष्ट मला तुम्हाला समजावून सांगायची आहे. जुन्या गाडीचं इंजिन किल्ली फिरवली की सुरू व्हायचं ते पोचेपर्यंत चालायचं. एकदा तापलं की तापलं. हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटरही असते, म्हणून इंजिन सिग्नलला बंद होतं, उतारावर बंद होतं, हळू चालताना कितीतरी वेळ मोटरच गाडी ओढते. मग तुम्ही जरा जोरात पाय दिलात की तेच निवलेलं इंजिन एकदम जागं होतं आणि क्षणात त्याच्यावर भार येतो. अशा वेळी ऑइल बेअरिंगपर्यंत, वरच्या कॅमपर्यंत झटकन पोचायला हवं. पातळ ऑइल पोचतं, घट्ट ऑइल रेंगाळतं. शिवाय या इंजिनातले ऑइलचे मार्गच बारीक आहेत. व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणासुद्धा ऑइलच्या दाबावर चालते आणि पंपही पातळ ऑइलच्या हिशेबानंच बसवलेला आहे. पातळ म्हणजे हलकं नव्हे. दीडशे अंशांवर जोरात घासलं जातानाही घट्टपणा किती उरायला हवा याची किमान मर्यादा २० ग्रेडलासुद्धा घालून दिलेली आहे, आणि झीज थांबवणारी द्रव्यं त्यात वेगळी घातलेली असतात.

डब्ल्यूच्या आधीच्या शून्याचा अर्थ तुम्ही मला फोनवर विचारला होता आणि मी घाईत नीट सांगितलं नव्हतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. तो आकडा फक्त थंडीतला. ०डब्ल्यू ऑइल उणे ३५ अंशांवर इंजिन फिरू देतं की नाही हे तपासतात, २०डब्ल्यू उणे १५ वर. आपल्याला कुठे बर्फात जायचंय, असं तुम्ही म्हणाल. जायचं नाहीच. पण जे ऑइल तेवढ्या थंडीत वाहतं, ते रोज सकाळी आपल्या अंगणातही लवकर वाहतं.

आता तो पिवळा थर. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते आणि थोडी वाफ, थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरतं. हे प्रत्येक इंजिनात होतं. ऑइल चांगलं तापलं की दोन्ही उडून जातं. पण तुम्ही दोघं जाता कुठे? वाचनालय, दवाखाना, फार तर मावशीकडे. दहा मिनिटं जायला, दहा यायला, त्यात निम्मा वेळ इंजिन बंद. ऑइल तापतच नाही, पाणी आणि पेट्रोल आतच राहतं. ऑइलमध्ये घुसळलेलं ते पाणीच झाकणाला पिवळा थर होऊन बसतं. पातळीही म्हणूनच वर चढली होती, थोडी तुमच्या ऑइलनं, थोडी या पेट्रोलनं. एक लक्षात ठेवा बाबा, पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर ते शुभलक्षण नाही. कमी झालं तर जितक्या लगेच मला सांगाल, तितक्याच लगेच वाढलं तरी सांगा.

म्हणूनच किलोमीटर बघत बसायचं नाही. वर्षभरात तुमचे तीन-चार हजारही होत नाहीत, म्हणून "अजून ऑइल चांगलं आहे" असं ठरवू नका. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेत, त्यातलं जे आधी येईल ते. आपलं नेहमी महिनेच आधी येणार.

कुठलं ऑइल घ्यायचं, तेही सांगून ठेवते, मी नसताना कुणी भलतंच गळ्यात मारायला नको. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० दिलंय, तेच. दुसऱ्या हायब्रिडला ०डब्ल्यू-१६ लागत असेल, ज्यानं त्यानं आपापलं बघावं. कॅनच्या पाठीमागे एपीआयचा, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचा, गोल शिक्का असतो. आई, तू तुझं भिंग घेऊन बघ, बाबा चष्मा न लावता "आहे आहे" म्हणतील. गोलाच्या मध्यभागी ०डब्ल्यू-२० हवं आणि वरच्या कमानीत एसपी किंवा एसक्यू. एसपी २०२० साली आलं, एसक्यू २०२५ ला. नवं जुन्याच्या जागी चालतं, त्याउलट नाही. सी पासून सुरू होणारी अक्षरं तेवढीच असतील तर ते डिझेलचं, ते नको. दुचाकीचंही नको. मोटरसायकलमध्ये बहुतेक वेळा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे त्या ऑइलचं गणितच निराळं. "हायब्रिड" असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं काय, नसलं काय, मला फरक पडत नाही. ग्रेड आणि शिक्का जुळला की झालं. कंपनी कुठलीही चालेल. बिल मात्र फाईलला लावून ठेवा.

बाबा, आता जे लिहितेय ते रागानं नाही, भीतीनं लिहितेय. शनिवारी तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून पंख्याजवळ हात घालून काहीतरी दाखवत होता आणि डॅशबोर्डवर 'रेडी'चा दिवा चालू होता. माझ्या पोटात गोळा आला. इंजिन शांत असलं तरी गाडी बंद नसते. बॅटरी उतरली की ते कुणालाही न विचारता आपोआप सुरू होतं. तुमची बोटं तिथं असती तर? बॉनेट उघडायच्या आधी गाडी बंद करायची, 'रेडी' गेला का बघायचं आणि किल्ली खिशात न ठेवता घरात आईकडे द्यायची. पाच मिनिटं थांबून मगच पट्टी काढायची, गाडी सपाट जागी असताना. जाड नारिंगी वायरी दिसतात त्यांना हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही, त्यांत उच्च दाबाची वीज असते. आणि शटर लावून आत गाडी 'रेडी'त ठेवून कधीही बसायचं नाही. आवाज येत नाही म्हणून धूर होत नाही असं नाही.

गाडीखाली तर जायचंच नाही. कंबर तशी, गुडघे तसे. आई सांगते, परवा खाली वाकलात ते भिंतीला धरून उठलात. त्या कमरेला आता विश्रांती द्या.

आई, तुला गाडीचं सुख आहे ना गं? इंजिन बंद असतानाही एसी चालू राहतो, तो बॅटरीवर चालतो, तेव्हा बाबा औषधं आणायला उतरले तरी तू गरमीत बसायचं नाहीस. मध्येच इंजिन गुरगुरलं तर दचकू नकोस, बॅटरी भरून घेत असतं. तुझ्या पाठीला जुन्या गाडीचा हादरा बसायचा, तो आता नाही, एवढ्यासाठीच मी आणि दादानं ही गाडी घेतली. बाबांना वाटतं आम्ही त्यांची गाडी काढून टाकली. तसं नाही गं. आणि हे काही कालपरवा निघालेलं खूळ नाही, जपानात १९९७ सालच्या डिसेंबरात टोयोटाची प्रियस ही हायब्रिड रस्त्यावर आली, तेव्हा मी शाळेत होते. ते त्यांना तूच सांग, तुझं ऐकतात.

एक काम दोघांना मिळून. आठवड्यातून एकदा, निदान अर्धा-पाऊण तास, मोकळ्या रस्त्यानं सलग जाऊन या. इंजिनाला चालू द्या, ऑइलला तापू द्या, आतलं पाणी उडून जाऊ द्या. औषध समजून जा. बाबा, तुम्ही चालवा, आई शेजारी बसेल. किती दिवसांत तुम्ही दोघं काही काम नसताना कुठे गेलेला नाहीत. अंधार पडायच्या आत परत या, पोचलात की मला फोन करा. बाबांना पाणी प्यायची आठवण कर, आई.

तो अर्धा कॅन मी दादाकडे दिलाय, त्याच्या जुन्या जीपला उपयोगी पडेल, वाया जाणार नाही. नरसाळं मात्र नेलं नाही. धुतलं, वाळवलं, कोऱ्या कागदात गुंडाळून त्याच कप्प्यात ठेवलं. पुढचं ऑइल बदलायला मी रजा काढून येणार आहे. खालचं काम मेकॅनिक करील, टॉर्च मी धरेन, नटावरच. तुम्ही खुर्ची टाकून बसा, आणि नवं ऑइल तुमच्याच हातानं ओता, त्याच नरसाळ्यातून.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, टायरची हवा मी मंगळवारी निघायच्या आधी खरंच बघितली. मागचा डावा थोडा कमी होता, भरून घेतला.