कंट्रोलच्या यादीबद्दल नानांना पत्र

कोलंबस, ओहायो

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

ग्रामसभेत कंट्रोलच्या (रेशनच्या) यादीतली बोगस नावं कापायचा विषय येणार आणि तुम्ही दक्षता समितीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. "अमेरिकेत असलं काही चालत नसेल," असं तुम्ही फोनवर म्हणालात. चालतं. फक्त लोक जिकडं बोट दाखवतात तिकडं ते थोडं असतं.

इथल्या योजनेला स्नॅप म्हणतात, जुन्या माणसांच्या तोंडी अजून फूड स्टॅम्पच. धान्य नाही मिळत. कार्डावर महिन्याला पैसे जमा होतात, किराणा दुकानात कार्ड घासायचं आणि पिन टाकायचा. दारू, तंबाखू, साबण त्यावर येत नाही. चौघांच्या घराला ऑक्टोबर २०२५ पासून जास्तीत जास्त ९९४ डॉलर. नियमातल्या वजावटी जाऊन घराचं उत्पन्न १,००० डॉलर उरलं, तर त्याचे तीस टक्के, म्हणजे ३००, कापून ६९४ मिळतात.

घोळ इथंच होतो. तासावर काम करणाऱ्याची मजुरी दर आठवड्याला खालीवर होते. ते कळवायला उशीर झाला, किंवा कारकुनानं घरभाड्याचा आकडा चुकवला, की पुढची रक्कम चुकली. २०२४ च्या आर्थिक वर्षात ९.२६ टक्के रक्कम जादा गेली आणि १.६७ टक्के कमी पडली. दोन्हींची बेरीज १०.९३ टक्के, आणि वादात ती सरसकट "घोटाळा" म्हणून फेकली जाते. खरी लबाडी वेगळी मोजतात: दुकानदार कार्डावरून शंभर डॉलर कापतो, पन्नासेक रोख हातावर ठेवतो, माल काहीच देत नाही. २०१२ ते १४ च्या सरकारी अभ्यासात ती डॉलरमागे दीड सेंट निघाली.

तिसरा प्रकार तर उलटाच. बहुतेक राज्यांत कार्डाला चिप नाही, नुसती काळी पट्टी. चोर दुकानातल्या मशीनवर हुबेहूब दिसणारं झाकण बसवतात, त्यात पट्टी आणि पिन दोन्ही टिपले जातात, आणि पैसे जमा झाले की पहाटेच कार्ड रिकामं. २० डिसेंबर २०२४ नंतर चोरीला गेलेली रक्कम केंद्राच्या पैशातून भरून मिळणं बंद झालं. म्हणजे लुटला गेला तोच उपाशी.

आता आपल्याकडं. रेशन दुकानातलं मशीन अंगठा ओळखतं, पण पिशवीत किती पडलं ते त्याला कसं कळणार? पाच माणसांच्या प्राधान्य कार्डाला २५ किलो. पावती २५ ची आणि पिशवीत २३ असले, तर २०० कार्डांमागं महिन्याला चार क्विंटल बाजूला पडतात. ते आडतीवर जातात, आणि त्यासाठी एकही बोगस नाव लागत नाही. म्हणून आधी काटा बघा. रिकामा डबा ठेवल्यावर आकडा शून्यावर आणला का? नाही तर डब्याचं वजनही धान्यात धरलं जातं. "आज अंगठा लावा, माल आल्यावर या" हे तर चालूच देऊ नका. अंगठा, पावती, वजन एकाच वेळी. नाही ऐकलं तर १९६७ या हेल्पलाइन नंबरावर तक्रार करा आणि पावतीवरचा नंबर सांगा.

यादी कापताना प्रत्येक नावापुढं कारण लिहून घ्या. मयत, किंवा लग्न होऊन गेलेली लेक जिचं नाव सासरच्या कार्डात चढलंय, ही नावं खुशाल काढा. पण "ई-केवायसी नाही", म्हणजे मशीनवर आधारची ओळख पटलेली नाही, हे कारण एकटं पुरेसं धरू नका. कोयता धरून बोटांच्या रेषा झिजतात, अंगठा चारदा लावला तरी मशीन नाही म्हणतं. त्यांच्यासाठी डोळ्याचं स्कॅनर किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून केवायसी होतं. ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हापूर-सांगलीकडं गेलेलं घर दिवाळीनंतर गावात दिसत नाही, म्हणून ते बोगस होत नाही. बारा आकडी कार्ड नंबरावर त्यांना तिकडच्या दुकानातही धान्य उचलता येतं, आणि मागं राहिलेल्या म्हातारीला आपला वाटा गावात. फडावर निघायच्या आधी हे त्यांना कुणी सांगत नाही, हीच खरी अडचण.

केसरी कार्डाचे शेतकरी या यादीत मिसळू नका. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत त्यांना २०२३ पासून धान्याऐवजी खात्यावर पैसे आहेत, आधी माणशी १५० रुपये, मग १७०. तिथली अडचण बँकेची, आधार जोडलेलं नसलं की पैसे येतच नाहीत.

माझं विचाराल तर एक मेलेलं नाव सहा महिने जादा राहिलं तरी चालेल, ३० किलो धान्य जाईल. जिवंत माणसाचं कापलं तर ते परत चढवायला तहसीलच्या चकरा, आणि प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी.

आईला नमस्कार. सभा झाली की काट्याचं काय निघालं ते आधी कळवा.

तुमचा,
बाळू