मित्रास पत्र: पाच-पाच वर्षांच्या गटांतून एकेका वयाचा मृत्युदर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. लोकसंख्येचा एक रकाना, वर्षभरातल्या मृत्यूंचा दुसरा, वयं पाच-पाचच्या गटांत आणि तळाला ‘८५ व अधिक’. यातून तुला ७०, ७१, ७२ असे सुटे दर हवेत. सध्या तू गटाचा दर काढून तोच पाचही वयांना चिकटवला आहेस. तो रकाना आधी पुसून टाक.

बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज विमागणितज्ञाने १८२५ मध्ये मांडलं की प्रौढ वयात मृत्युदर वयाबरोबर ठरावीक पटीने चढत जातो. साधारण आठ वर्षांत दुप्पट धर, म्हणजे दर वर्षी नऊ टक्क्यांची चढण. या हिशेबाने ७४ वर्षांच्या माणसाचा दर ७० वर्षांच्या माणसापेक्षा चाळीसेक टक्क्यांनी जास्त. तुझ्या रकान्यात मात्र दोघे सारखेच, आणि पंचाहत्तरी लागली की एका रात्रीत धोका दीडपट! वाढदिवस इतका घातक नसतो रे.

मग करायचं काय? दर फोडू नकोस. लोकसंख्या वेगळी फोड, मृत्यू वेगळे फोड, आणि मृत्यूंना लोकसंख्येने भागणं सगळ्यात शेवटी कर. फोडतानाही गटाचे आकडे सरळ वापरायचे नाहीत, त्यांची चढती बेरीज घ्यायची: ७० वर्षांच्या आतले एकूण मृत्यू, ७५ च्या आतले, ८० च्या आतले. या बेरजा पक्क्या आहेत, त्यांत अंदाजाचा भाग नाही. त्या बिंदूंतून एक गुळगुळीत वक्र ओवायचा, ७१, ७२ वर त्याची किंमत वाचायची आणि लागोपाठच्या किमतींची वजाबाकी करायची. गंमत अशी की वक्र कसाही वळला तरी पाच वयांची बेरीज मूळ गटाएवढीच येते. ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस या अनेक देशांच्या मृत्युदरांच्या संग्रहातही गटातले मृत्यू अशाच चढत्या बेरजेवर त्रिघाती स्प्लाइन (तुकड्या-तुकड्यांनी जोडलेला गुळगुळीत वक्र) बसवून फोडतात. फक्त वक्र कुठे खाली वळत नाही ना, ते बघ, नाहीतर एखाद्या वयाला उणे माणसं येतील. आणि दोन्ही रकान्यांना पद्धत एकच लाव. समजा एखाद्या वर्षी जन्मच कमी झाले, तर त्या वयाचा खड्डा लोकसंख्येतही असतो आणि मृत्यूंतही. दोन्हीकडे तो सारखाच बुजला तर दराला फारसा धक्का लागत नाही.

एवढ्यावरच तू जीवनसारणीकडे, म्हणजे कुठल्या वयापर्यंत किती जण जगतात आणि पुढे सरासरी किती आयुष्य उरतं त्या तक्त्याकडे पळशील, म्हणून सांगतो: दर म्हणजे मरण्याची शक्यता नव्हे. समजा ७०–७४ गटात एक लाख माणसं आणि वर्षात ३,००० मृत्यू. दर ०.०३. पाच वर्षांत मरण्याची शक्यता मात्र १५ टक्के नाही, कारण पहिल्या वर्षी गेलेला माणूस दुसऱ्या वर्षी मोजणीत नसतो. ०.१५ ला (१ + २.५ × ०.०३) ने भागायचं, येतात सुमारे १३.९५ टक्के. हा अडीच म्हणजे गेलेल्यांची, या पाचांपैकी सरासरी जगायची राहून गेलेली वर्षं.

वरचं सगळं मधल्या वयांसाठी. दोन्ही टोकांना ते चालत नाही.

०–४ हा गट तर असा वापरूच नकोस. पहिल्या वर्षातला दर पुढच्या चार वर्षांच्या कितीतरी पट असतो, आणि त्या वर्षातलेही बरेचसे मृत्यू पहिल्या काही आठवड्यांतले. कुठलाही गुळगुळीत वक्र हा कडा सपाट करून टाकतो. एक वर्षाच्या आतले आणि १–४ असे वेगळे आकडे मागून घे.

वरचं टोक आणखी फसवं. ८५ च्या पुढे दर ०.१६ असेल, तर एकाला त्याने भागून ‘८५ व्या वर्षी उरलेलं आयुष्य ६.२५ वर्षं’ असं लिहिण्याची प्रथा आहे. हे खरं ठरतं ते लोकसंख्या स्थिर असेल, म्हणजे दर वर्षी तेवढेच लोक पंचाऐंशी गाठत असतील आणि दरही बदलत नसतील तर. दर वर्षी जास्त जास्त लोक पंचाऐंशी गाठत असतील, तर त्या गटात ८५–८६ वाल्यांची गर्दी होते, दर कमी दिसतो आणि आयुष्य उगाच लांबतं. शिवाय अतिवृद्धांत दराची चढण गॉम्पर्ट्झच्या रेषेपेक्षा मंदावते, म्हणून ८० नंतर कानिस्तो या लोकसंख्याशास्त्रज्ञाचं लॉजिस्टिक सूत्र बसवतात, ज्यात चढण वर जाता जाता सपाट होत जाते. तूही तेच कर.

माझा खरा आक्षेप तुझ्या दशांश स्थळांना आहे. तुझ्या एका गटात २५ मृत्यू आहेत. निव्वळ योगायोगाने ते वीसही होऊ शकले असते, तीसही. ते पाच वयांत वाटून दर चार दशांश स्थळांपर्यंत छापणं म्हणजे शुद्ध थाट. असे गट दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र करून भरदार कर, मगच फोड.

शून्यावर आणि पाचावर संपणारी वयं सांगायची लोकांची सवय तुला ठाऊकच आहे. पण ही गर्दी जिवंत माणसांच्या रकान्यात एक आणि मृत्यूंच्या रकान्यात दुसरी असते, कारण मेलेल्याचं वय दुसराच कुणीतरी सांगतो. ५८-५९ चे लोक साठीत ढकलले गेले असतील तर गटाची सीमाच सरकते, आणि मग वक्र कितीही सुबक असून उपयोग नाही. मला पुढच्या पत्रात सुट्या वयांची मूळ मोजणी मिळते का ते कळव, आणि ती फक्त लोकसंख्येची असली तरी पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश