विमानप्रवासाचे खरे तास छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

सुट्ट्या जवळ आल्या की पेपरांच्या पुरवण्यांत परदेश प्रवासाचे तक्ते येतात, दोन शहरांमधलं अंतर आणि पुढे ‘लागणारा वेळ’, आणि तो वेळ बऱ्याचदा अंतराला ताशी ९०० किमीने भागून काढलेला असतो हे बघताच कळतं. कृपा करून हे बंद करा, लोक त्यावर विसंबून राहतात.

मुंबई-न्यूयॉर्कच घ्या. सरळ हवाई अंतर साधारण १२,५०० किमी, म्हणजे भागाकाराने १४ तास. प्रत्यक्षात जाताना साडेपंधरा-सोळा तास लागतात आणि येताना बराच कमी वेळ, कारण उंचावर जेट स्ट्रीमचं वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं, जाताना ते समोरून येतं आणि येताना पाठीशी असतं. मग एकच आकडा छापून काय उपयोग?

त्यात रस्ताही सरळ मिळेलच असं नाही. २०२२ मध्ये रशियाने युरोपातल्या कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊच्या आसपास व्हायचा तो १३ तासांवर गेला, अंतर तेवढंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही फ्लाइट्सना युरोपात उतरून इंधन भरावं लागलं.

आणि घड्याळाचं तर फारच. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री २ ला सुटलेलं विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ८ ला पोचतं, तिकिटावर बघितलं तर ६ तास वाटतात, पण तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे आहे, बसायचंय साडेपंधरा तास. मुलांकडे पहिल्यांदा जाणारे कितीतरी आईबाबा सातारा-सांगलीकडून आधी ५-६ तास गाडीने मुंबईला येतात, ३ तास आधी रिपोर्टिंग, मग हे. इन्सुलिन कधी घ्यायचं, बीपीची गोळी कुठल्या घड्याळाने, पाय सुजतात किंवा पायात रक्ताची गाठ होऊ शकते म्हणून मध्ये मध्ये उठून किती चालायचं, हे डॉक्टरांना विचारायचं तर खरे तास हातात हवेत ना! दुबई-दोहावरून जायचं असेल तर तिथला थांबा वेगळाच, तोही तक्त्यात नसतो.

त्यामुळे विनंती अशी की जाण्याचे तास वेगळे आणि येण्याचे वेगळे छापा, थेट विमान की थांबा घेऊन ते लिहा, दोन्हीकडच्या घड्याळातला फरक द्या. हे सगळं कंपन्यांच्या टाइमटेबलात असतं, ते मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं तेव्हा तुमचा तक्ताही बदला, आणि माहिती कुठल्या महिन्याची आहे ते खाली टाका.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा