सार्वमताचा प्रश्न कोण लिहिणार?

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली राजकारणाचा विषय निघाला की एकजण तरी म्हणतोच, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे मग हे निवडून दिलेले लोक हवेतच कशाला, प्रत्येक कायद्यावर आपणच बटन दाबू. मलाही बरेच दिवस असंच वाटायचं. त्यामागचा राग खोटा नाहीये, एकदा मत देऊन टाकलं की पुढच्या निवडणुकीपर्यंत आपला प्रतिनिधी सभागृहात कोणाच्या बाजूने हात वर करतो यावर आपला काही कंट्रोल राहत नाही, आणि टॅक्स, शाळा, पर्यावरण सगळं एकाच मतात गुंडाळून द्यावं लागतं, एक मुद्दा पटला म्हणून दहा नको असलेले गळ्यात पडतात.

पण थेट लोकशाही जिथून सुरू झाली त्या अथेन्सचीच गोष्ट घ्या. मिटिलिनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते इ.स.पू. 427 मध्ये मोडल्यावर अथेन्सच्या लोकांच्या सभेने संतापाच्या भरात ठरवलं की तिथले सगळे पुरुष मारायचे, बायकापोरं गुलाम करायची, आणि हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांचं मन खायला लागलं, परत सभा भरली आणि अगदी थोडक्या फरकाने निर्णय फिरला. मग दुसरं जहाज सोडलं, त्यातले लोक वाइन आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ वल्हवता वल्हवताच खात होते, झोपायचे ते पाळीपाळीने. ते पोचले तेव्हा हुकूम वाचून झाला होता, फक्त अंमल बाकी होता. बंडाचे म्होरके मारले गेलेच, पण शहर वाचलं. ते वाचलं कारण पहिल्या जहाजाला पोचायला वेळ लागला, बटन दाबून निर्णय झाला असता तर तो वेळ कुठून आणला असता?

स्वित्झर्लंडचं नाव सगळे घेतात आणि घ्यायलाच हवं. संसदेचा कायदा पटला नाही तर 100 दिवसांत 50 हजार सह्या जमवायच्या, मग त्यावर मतदान घ्यावंच लागतं. मला ही पद्धत मनापासून आवडते, अभ्यास आणि तडजोड प्रतिनिधींनी करायची पण लोक कधीही अडवू शकतात हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. मात्र त्याच देशात 1959 साली बायकांना मताचा हक्क द्यायचा का यावर मतदान झालं, मत देणारे फक्त पुरुष, आणि दोन तृतीयांश जणांनी नाही म्हटलं! हक्क मिळाला 1971 ला. अपेन्झेल इनररोडन या कँटनमध्ये (म्हणजे तिथल्या एका राज्यात) तर चौकात जमून हात वर करणाऱ्या पुरुषांनी 1990 मध्येही बायकांना स्थानिक मतदानाचा हक्क नाकारला, शेवटी कोर्टाने तो द्यायला लावला. ज्यांचा हक्क ठरतोय त्यांनाच मत नसेल तर ती कसली जनतेची इच्छा, मला हे वाचून अजूनही वाईट वाटतं.

आणि प्रश्न कसा विचारला यावरही खूप अवलंबून असतं. ब्रिटनने 2016 मध्ये युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं एवढंच विचारलं, 51.9 टक्के लोक बाहेर म्हणाले, पण बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कसं हे मतपत्रिकेवर नव्हतंच, त्यावर संसद पुढे तीन वर्षं भांडत बसली.

मला पटलेला मार्ग आयर्लंडचा. गर्भपातबंदी उठवायची का, हा घराघरात वाद लावणारा विषय, तर निवडणूक न घेता नशिबाने निवडलेले 99 सामान्य नागरिक एकत्र बसवले, अध्यक्ष म्हणून एक न्यायाधीश, पाच वीकेंड त्यांनी डॉक्टर, वकील आणि स्वतः भोगलेल्या बायकांचं ऐकून घेतलं, मग शिफारस केली, मग संसदेत चर्चा आणि त्यानंतर 2018 मध्ये सार्वमत, त्यात 66.4 टक्के लोकांनी बंदी काढायला होकार दिला.

मोबाईलवर मत द्यायला माझी ना नाही. पण त्याआधी असे काही महिने मिळणार का आणि प्रश्न कोण लिहिणार हे मोबाईलवाले कधी सांगतच नाहीत, तुमच्या पेपरने यावर एकदा सविस्तर लिहावं ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक