अंधारातही बी उगवते, ते मुलांना पाहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी एका शाळेतील विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग आला. दुसरी-तिसरीच्या मुलांनी घेवड्याच्या बिया पेरलेले दोन पेले मांडले होते. एक उजेडात ठेवलेला आणि दुसरा झाकणाच्या खोक्यात. खोक्यापुढच्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, ‘सूर्यप्रकाश नसल्यास बी उगवत नाही.’ मी झाकण उचलून पाहिले, तर आत वीतभर उंचीचे, पिवळट पांढरे, मान वाकवलेले रोप उभे होते. उजेडातल्या रोपापेक्षा ते चांगले चार बोटे उंच होते. ‘‘हे उगवलंय की नाही?’’ असे मी तिथल्या मुलीला विचारले. तिने आधी रोपाकडे पाहिले, मग पुठ्ठ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘नाही.’’

तीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवल्यामुळे मला त्या मुलीचे नवल वाटले नाही. प्रयोगाचे उत्तर आधी फळ्यावर उतरवून घ्यायचे आणि मग ते सिद्ध झाल्याचे दाखवण्यासाठी बिया पेरायच्या, ही आपली जुनी रीत आहे. इथे तर फळ्यावरचे उत्तरच चुकीचे होते. काही बारीक बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो हे खरे. पण घेवडा, वाटाणा, मका यांसारख्या बियांना रुजताना पाणी, हवा आणि बेताची ऊब एवढे पुरते. घेवड्याचे बी रात्रभर भिजवून साल काढली आणि दोन्ही डाळिंब्या अलगद उघडल्या की आत घडी घातलेल्या दोन इवल्या पानांचे आयते रोप दिसते, आणि त्या डाळिंब्या म्हणजे त्याची शिदोरी असते. अंधारातले रोप ही शिदोरी पाने पसरण्यावर खर्च न करता उजेड शोधत लांब होण्यावर खर्च करते, म्हणून ते उंच, फिकट आणि लेचेपेचे होते. शिदोरी संपेपर्यंत उजेड मिळाला नाही तर ते मरते. वेळेत मिळाला तर एक-दोन दिवसांत हिरवे होऊ लागते. उजेड कशासाठी लागतो, हे मुलाला याहून चांगले दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळणार?

यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. काचेच्या बरणीला आतून ओला टिपकागद लावावा, काच आणि कागद यांच्यामध्ये चार-पाच बिया बसवाव्यात आणि तळाशी बोटभर पाणी ठेवावे. मातीत जे दडून राहते ते इथे उघड्यावर घडते. बी फुगते, साल फाटते आणि आधी मूळ बाहेर येते, कोंब नंतर. मूळ पेरभर वाढले की बरणी आडवी करून ठेवावी; दुसऱ्या दिवशी मुळाचे टोक खाली वळलेले असते. ‘‘त्याला खाली कुठे आहे हे कसं कळतं?’’ हा प्रश्न मुलांकडून हटकून येतो. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिष्टमय पदार्थाचे जड कण असतात, ते तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला दिशा कळते, हे उत्तर शिक्षकाला माहीत असावे, पण ते लगेच देण्याची घाई नसावी. बरणी पुन्हा उभी केली तर काय होईल, हे आधी मुलांना चित्र काढून सांगू द्यावे.

मोजमापाचेही तसेच. ज्या मुलांना अजून मोजपट्टी नीट वाचता येत नाही, त्यांनी रोज रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून वहीत ओळीने चिकटवली, तर पंधरवड्यात वाढीचा आलेख आपोआप तयार होतो.

सर्वांत मोलाच्या असतात त्या फसलेल्या बिया. कोणीतरी उत्साहाने पेला काठोकाठ भरतो आणि बी कुजते, कारण पाण्यात बुडालेल्या बियाला पुरेशी हवा मिळत नाही. नेमका हाच पेला पालक येण्याआधी टेबलाखाली सरकवला जातो.

चुकीच्या निष्कर्षाचेही एवढे भय बाळगू नये. यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्मोंट या संशोधकाने 200 पौंड कोरडी माती मोजून घेतली, तीत 5 पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड सुमारे 169 पौंडांचे झाले. माती मात्र जेमतेम 2 औंस घटली होती. झाड माती खाऊन वाढत नाही, हे त्याने तराजूने दाखवले. पण सगळी वाढ पाण्याचीच, हा त्याचा निष्कर्ष अपुरा होता, कारण झाडाच्या वजनाचा मोठा वाटा हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून येतो. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द जगाला देणारा माणूस हाच. 1648 मध्ये प्रसिद्ध झालेले हे वजनांचे आकडे आजही उपयोगी पडतात, ते त्याने जे दिसले तेच लिहिले म्हणून.

वेळ नाही, वर्गात मुले फार आहेत, ही शिक्षकांची अडचण मी जाणते. तरीही रोजची पाच मिनिटे, दोन आठवडे, एवढाच हा मामला आहे. बिया शुक्रवारी न भिजवता रविवारी संध्याकाळी भिजवाव्यात, म्हणजे मूळ फुटण्याचा दिवस सुट्टीत हुकत नाही. प्रत्येक पेल्यात एकच बी न घालता निदान पाच घालावीत, कारण एखादे मुळातच निर्जीव असू शकते. आणि प्रदर्शनाचे परीक्षण करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, पुठ्ठ्यावरचे अक्षर पाहण्याआधी त्यांनी खोक्याचे झाकण उचलावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका