परदेशातली पहिली गाडी

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी जाणाऱ्यांसाठी व्हिसा, घरभाडं, मुलांच्या शाळा यांवर लेख येतात, ते मी इथे आल्यापासून नेमानं वाचते. गाडीवर मात्र काही वाचल्याचं आठवत नाही. नव्या देशात आल्यावर घरभाड्याच्या खालोखाल मोठा खर्च गाडीचाच असतो, आणि बहुतेक जण तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत, अर्ध्यामुर्ध्या माहितीवर करून मोकळे होतात. आम्हीही तेच केलं. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचून बाकीच्या देशांत निघालेले वाचक पान उलटतील, आणि आमच्या हातून झालं ते कुठेही होऊ शकतं.

मी परिचारिका आहे. आलो तेव्हा नोकरी माझ्या एकटीला होती, नवऱ्याची शोधाशोध चालली होती, मुलगी चार वर्षांची. ड्युटी सकाळी सातची आणि पहिली बस पोचायची साडेसातला. वॉर्डातल्या एका सिनिअर सिस्टरनं आपणहून मला रोज न्यायला सुरुवात केली. ती पाच मिनिटं वाट वाकडी करून यायची आणि मी दाराशी उभी राहून रोज संकोचानं अर्धी व्हायचे. आज वाटतं, गाडीची घाई आम्हाला गरजेनं केली नाही, त्या संकोचानं केली. कुणाच्या उपकाराखाली राहायचं नाही, एवढं एकच डोक्यात होतं.

आधी गेलो एका डीलरकडे. त्यानं गाडीची किंमत सांगितलीच नाही. महिन्याला किती झेपेल, एवढंच विचारलं. आम्ही आकडा सांगितला आणि त्या आकड्यात बसणारी, आमच्या गरजेच्या दुप्पट मोठी, कोरी गाडी त्यानं समोर उभी केली. हप्ता खरंच आमच्या आवाक्यातला होता. घरी येऊन नवऱ्यानं वहीत हिशेब मांडला तेव्हा कळलं, कर्ज ८४ महिन्यांचं. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मुलगी अकरा वर्षांची असेल. नवी गाडी पहिल्या वर्षातच ढोबळमानानं पाचवा हिस्सा किंमत गमावते, आणि एवढ्या लांबलचक कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा भाग व्याजात जातो. म्हणजे मधेच विकावी लागली, तर गाडी देऊन वर पैसेही द्यायचे. नोकरी पक्की नसलेल्या माणसानं असं कर्ज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथून आम्ही परत आलो, ते बरं झालं.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. एका माणसाकडून रोख पैसे देऊन जुनी छोटी गाडी घेतली. किंमत आमच्या तीन महिन्यांच्या बचतीएवढी. रंग चांगला, आतून स्वच्छ, ओडोमीटरवर ८० हजार. ८० हजार म्हणजे काही फार नाही, असं आम्ही दोघंही म्हणालो. माणूस सज्जन होता. सर्व्हिसची पुस्तिकाही त्यानं हातात दिली. आम्ही ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

पाचव्या महिन्यात, रात्रपाळी संपवून परतताना, हमरस्त्यावर गाडी एकाएकी निपचित पडली. आवाज नाही, धूर नाही, इंजिन गप्प. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. कशीबशी कडेला घेतली. मागून येणारे ट्रक बाजूनं जायचे तेव्हा गाडी हलायची. पाऊण तास मी तशीच बसून होते.

गॅरेजवाल्यानं ड्रॉवरमधली तीच पुस्तिका काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. टायमिंग बेल्ट ६० हजारांवर बदलायचा, असं तिथे छापलेलं होतं. तो बदलल्याची नोंद कुठेही नव्हती. आणि आकडे मैलांत होते. ८० हजार मैल, म्हणजे जवळजवळ १ लाख २९ हजार किलोमीटर. रस्त्यावरच्या पाट्यांवर मैल रोज दिसत होते. पण गाडीतला आकडा वाचताना आमचं डोकं मायदेशीच राहिलं होतं. विकणारा खोटं बोलला नव्हता, त्याला आम्ही विचारलंच नव्हतं.

हा बेल्ट काय करतो, ते मला त्या दिवशी समजलं. इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ तो जुळवून ठेवतो. पुष्कळशा इंजिनांत तो तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आपटून वाकतात. वेळेवर बदलला असता तर एका दिवसाचं काम होतं. आता दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. गाडी भंगारात गेली. आमची तीन महिन्यांची बचत गेली, आणि मी पुन्हा त्या सिस्टरच्या गाडीत बसू लागले.

दुसऱ्या खेपेला घाई केली नाही. या वेळी सुरुवात विम्यापासून केली, आणि मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते हेच. नवीन माणसाला विमा गाडीइतकाच महाग पडू शकतो. तिथल्या कंपनीच्या लेखी तुमची वीस वर्षांची ड्रायव्हिंग जवळजवळ नसल्यातच जमा. आम्ही पाच गाड्यांची नावं लिहून प्रत्येकीचं वर्षाचं प्रीमियम काढलं. विकत घ्यायला सगळ्यात स्वस्त असलेल्या एका टर्बो गाडीचं प्रीमियम तिच्या किमतीच्या निम्म्याला भिडलं. तिच्याहून थोडी महाग, साध्या इंजिनाची गाडी वर्षाचा हिशेब केल्यावर स्वस्त निघाली. गाडी आधी ठरवून विमा नंतर बघणाऱ्याला हा फरक पैसे दिल्यावर कळतो.

त्याच्याही आधी तिथलं लायसन्स काढावं. परदेशी लायसन्सवर किंवा आंतरराष्ट्रीय परवान्यावर काही काळ गाडी चालवता येते, पण बऱ्याच कंपन्या तेवढ्यासाठी प्रीमियम चढवतात. मी परीक्षा देऊन स्थानिक लायसन्स घेतलं, तेव्हा त्याच गाडीचं प्रीमियम लक्षात येईल इतकं उतरलं. आणि निघण्यापूर्वी मायदेशातल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र जरूर घ्यावं, सही-शिक्क्याचं, किती वर्षं क्लेम नाही ते स्पष्ट लिहिलेलं. आम्ही ते नंतर ईमेलनं मागवलं. बऱ्याच कंपन्यांनी मानलं नाही, एकीनं मानलं. ती एकच पुरे झाली.

गाड्या बघायला मात्र आम्ही एकटे गेलो नाही. विकणाऱ्याशी काही संबंध नसलेला मेकॅनिक पैसे देऊन नेला. त्याची फी देताना जीव खालीवर झाला, कारण पहिल्या दोन गाड्या त्यानं नाकारल्या आणि दोन्ही वेळा फी गेली. पण त्या दोन नकारांतून मी जे शिकले, ते सविस्तर लिहिते.

पहिली गाडी दिसायला उत्तम होती. त्यानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक छोटं यंत्र जोडलं. हे सॉकेट अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या नव्या पेट्रोल गाड्यांत असतं. बिघाडाची नोंद एकही नव्हती. आम्ही खूश. तो म्हणाला, थांबा. गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या ज्या चाचण्या घेत असते, त्यांतल्या बहुतेक अपुऱ्या दिसत होत्या. म्हणजे जुन्या नोंदी कुणीतरी नुकत्याच पुसल्या होत्या आणि त्यानंतर गाडी पुरेशी चाललीच नव्हती. नुकती बॅटरी बदलली असली तरी असं दिसू शकतं, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. पण बॅटरी जुनीच होती.

दुसऱ्या गाडीत त्यानं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. टोकाकडच्या, एरवी गुंडाळलेल्या राहणाऱ्या भागावर गढूळ पाण्याची आडवी रेघ होती. सीट धुतलेल्या, गालिचा नवा, अत्तराचा वास, पण पट्टा धुवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या वायरी पुढे वर्षभर सडत राहतात.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करून बघायचं, विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जायचं. टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात त्या देशांत गाडी वरून चकचकीत आणि खालून गंजलेली असते, म्हणून ती उचलून बघायला लावायची. कागदांवरचा सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर करून ताडायचा. ब्रिटनमध्ये नुसती नंबर प्लेट टाकली की जुन्या वार्षिक तपासण्या, त्या त्या वेळचे मैल, नापास झाली असेल तर कारण, सगळं सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतं. तुमच्या देशात अशी सोय आहे का, ते पहिल्या आठवड्यात शोधा.

जुन्या गाडीच्या बाबतीत मी परिचारिका म्हणून एका गोष्टीवर अडून बसले. गाडी घसरायला लागली की चाकांचे ब्रेक आपोआप वेगवेगळे लावून तिला ताब्यात ठेवणारी यंत्रणा हवीच. अमेरिकेत ती २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीची आहे. थोडे पैसे वाचवायला त्याहून जुनी गाडी घ्यावी, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. अपघात विभागात रात्री काढल्यावर मला ते पटणं शक्य नव्हतं. तसंच ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं. जगभरात एअरबॅग फुगवणारे सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, कारण उष्ण, दमट हवेत आतली रसायनं बिघडून फुगताना धातूचे तुकडे उडत होते. त्यांतल्या पुष्कळ गाड्या आता स्वस्त आणि जुन्या म्हणून आपल्यासारख्यांच्याच वाट्याला येतात. चासी क्रमांकावरून हे तपासता येतं, आणि अशी दुरुस्ती गाडीची कंपनी फुकट करून देते.

आपल्या ओळखीचं मॉडेल शोधत बसू नये, असंही मला वाटतं. आम्ही सुरुवातीला तेच करत होतो, परक्या गावात ओळखीचा चेहरा शोधावा तसं. तिथल्या रस्त्यावर जी गाडी सगळ्यात जास्त दिसते, तिचे भाग कुठेही आणि कमी पैशांत मिळतात. उलट्या बाजूला स्टिअरिंग असलेली आयात गाडीही स्वस्त दिसते. सामोआ या देशानं तर ७ सप्टेंबर २००९ रोजी वाहतुकीची बाजूच उजवीकडून डावीकडे नेली, कारण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपानमधल्या जुन्या गाड्या लोकांना स्वस्तात मिळाव्यात. देश ते करू शकतो. एकट्यादुकट्यानं अशी गाडी घेतली तर ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही आणि विकताना गिऱ्हाईक मिळत नाही.

शेवटी घेतली ती पेट्रोलची होंडा जॅझ, काही देशांत तिचंच नाव फिट. टायमिंग बेल्टऐवजी आत चेन असते. पुस्तिका या वेळी घेण्याआधी वाचली, पहिल्या पानापासून, मैल धरून. दोन वर्षं झाली, टायर आणि बॅटरी सोडून काही लागलेलं नाही.

गेल्या महिन्यात वॉर्डात एक नवी सिस्टर आली आहे. तिला सकाळी मी घेऊन जाते. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, ताई, तुम्हाला फार त्रास होतो, या शनिवारी मी एक गाडी बघून येते. मी तिला जाऊ दिलं नाही. आता दर पगाराला ती मला निम्म्या पेट्रोलचे पैसे देते आणि मी ते मोजून घेते. आधी मी घेत नव्हते, पण घ्यायला लागल्यापासून तिनं शनिवारचं नाव काढलेलं नाही. लायसन्सची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे तिची.

आपली,
परदेशात राहणारी एक वाचक