अडीच लाखांची जुनी रेघ

महोदय,

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाची वृत्तपत्रांतून चर्चा होते ती बहुधा तरतूद किती झाली आणि त्यातली खर्ची किती पडली, एवढ्यापुरतीच. त्या पैशाच्या रांगेत उभे कोणी राहायचे, हे ठरवणाऱ्या उत्पन्नमर्यादेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल मी बरीच वर्षे सांभाळले आणि या मर्यादेमुळे परत गेलेले अर्ज याच हातांनी बाजूला काढले, म्हणून हे पत्र.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची शिष्यवृत्ती, जिला महाविद्यालयांत सगळे नुसते ‘भारत सरकार’ म्हणतात, १९४४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. म्हणजे ती स्वातंत्र्याहून जुनी आहे आणि ती राबवणाऱ्या मंत्रालयाहून तर कितीतरी जुनी. मंत्रालयाला सध्याचे नाव १९९८ साली मिळाले, त्याआधी ते कल्याण मंत्रालय होते. या शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१३ पासून अडीच लाख रुपये आहे. डिसेंबर २०२० मध्ये आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समितीने योजनेची नव्याने मांडणी केली, पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपये मंजूर केले, केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा ठरवून दिला आणि राज्यांवर बहुतेक भार टाकणारी आधीची पद्धत मोडीत काढली. हा निर्णय चांगलाच होता. पण एवढी डागडुजी करताना अडीच लाखांची रेघ मात्र जिथल्या तिथे राहिली.

ही रेघ कुठून जाते, ते साध्या हिशेबाने पाहता येईल. नवरा-बायको दोघेही रोज ४०० रुपये मजुरीवर महिन्याचे २६ दिवस कामाला गेले, तर वर्षाला त्यांच्या घरात २,४९,६०० रुपये येतात. मुकादमाने दोघांची रोजची मजुरी एकेका रुपयाने वाढवली, की ते घर मर्यादेबाहेर गेले. इतर मागासवर्गीयांसाठी उन्नत गटाची (क्रीमी लेयर) मर्यादा २०१७ पासून आठ लाख आहे, २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना आरक्षण देताना तोच आकडा धरला गेला आणि आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीलाही आठ लाखांचीच मर्यादा आहे. आरक्षणाची मर्यादा आणि शिष्यवृत्तीची मर्यादा यांचे हेतू वेगळे असतात, हे मला मान्य आहे. तरीही आठ लाखांपर्यंत दुर्बल म्हणायचे आणि अडीच लाखांच्या पुढे शिष्यवृत्तीतल्या निर्वाह भत्त्याची गरज संपली असे धरायचे, हे एकाच सरकारच्या कागदांवर शोभत नाही.

अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांतला एक प्रसंग सांगतो. एक मुलगी वडिलांसोबत आली होती. आई-वडील दोघेही कंत्राटी सफाई कामगार. प्लॅस्टिकच्या पिशवीतून वडिलांनी एकेक कागद नीट उलगडून माझ्यापुढे ठेवला. जातीचा दाखला, गुणपत्रक, पासबुक, दोघांच्या पगाराच्या पावत्या आणि सगळ्यांत खाली तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. दाखल्यावर दोन लाख चौसष्ट हजार लिहिले होते. फ्रीशिपमधून शुल्क माफ होईल, पण भत्ता मिळणार नाही, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “भाऊसाहेब, दहावीपर्यंत तर मिळत होती. मग अकरावीत आम्ही श्रीमंत झालो का?”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सफाईसारख्या आरोग्याला धोका असलेल्या कामांत गुंतलेल्या पालकांच्या मुलांसाठी याच मंत्रालयाची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नाची अट नाही आणि घरून शाळेत जाणाऱ्या मुलाला तिच्यातून वर्षाला ३,५०० रुपये मिळतात. तेच मूल अकरावीत गेले, की अडीच लाखांची अट लागू होते. आणि अटीत बसले तरी घरून येणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता वर्षाला २,५०० रुपये, म्हणजे दहावीपेक्षा हजार रुपये कमी. शिक्षणाचा खर्च अकरावीत कमी होतो, असा अनुभव असलेला पालक मला अजून भेटायचा आहे.

या मर्यादेचा आणखी एक परिणाम आहे, जो आकडेवारीत दिसत नाही. ज्याच्या हातात पगाराची पावती आहे, त्याचे उत्पन्न लपत नाही. ज्याचा धंदा रोखीचा आहे, त्याचे उत्पन्न तलाठ्यापुढे तो सांगेल तेवढे. त्यामुळे मर्यादा जितकी खाली, तितकी ती प्रामाणिकपणे किमान वेतन घेणाऱ्यालाच आधी बाहेर काढते. “दाखला जरा कमी करून आणा” हा सल्ला शिष्यवृत्तीच्या टेबलांवर किती सहज दिला जातो, हे मला ठाऊक आहे, आणि तो मीही कधीच दिला नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सफाई कामगारांना किमान वेतन मिळावे म्हणून एका बाजूने आग्रह धरायचा आणि ते मिळाले की त्यांच्या मुलांचा भत्ता काढून घ्यायचा, या विसंगतीचे उत्तर मंत्रालयानेच द्यायला हवे. महाराष्ट्राचे रामदास आठवले २०१६ पासून या खात्याचे राज्यमंत्री आहेत. त्यांनी तरी हा प्रश्न लावून धरावा.

डिसेंबर २०२० ची चौकट २०२५-२६ पर्यंतची होती. त्यापुढच्या आखणीत उत्पन्नमर्यादा आणि निर्वाह भत्ता हे दोन्ही आकडे महागाई निर्देशांकाशी जोडावेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारीपासून आणि जुलैपासून असा वर्षातून दोनदा सुधारला जातो, तेव्हा असा हिशेब मांडणे सरकारला अवघड आहे असे नाही. सफाई कामगारांच्या मुलांना दहावीपर्यंत असलेली उत्पन्नाच्या अटीतली सूट त्यांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी. यातील कशासाठीही संसदेत विधेयक आणावे लागत नाही, योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत दुरुस्ती केली तरी पुरते.

— एक निवृत्त शिष्यवृत्ती लिपिक